गोऱ्या बाभळीची साल

१२ जानेवारी २०२५, रविवार

ही वही प्रॅक्टिकलच्या जर्नलची आहे. उजवं पान रेघांचं, डावं आकृत्यांसाठी कोरं. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहाय्यक म्हणून मी सत्तावीस वर्षं काढली. पोरांना एकच सांगत आलो, की जे दिसलं ते लिहा, जे दिसायला हवं होतं ते लिहू नका. आता स्वतःसाठी लिहायची वेळ आली आहे.

सविताला जाऊन चौदा महिने झाले. शेवटच्या दिवशी तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तिनं बोटांनी मला जवळ बोलावलं आणि मास्कच्या आतून काहीतरी म्हणाली. दोनदा म्हणाली. मला फक्त "सा… आ…" एवढंच ऐकू आलं. मी कान खाली नेला, तेवढ्यात सिस्टरनं मला बाहेर जायला सांगितलं. परत आत बोलावलं तेव्हा मास्क काढलेला होता.

चौदा महिने त्या दोन अक्षरांचा विचार करतोय. परवा दाढी करताना एकदम उलगडलं. ती "साल आणा" म्हणत होती. आजारपणात तिला मी सालीचा काढा द्यायचो, शक्तीसाठी. एवढे डॉक्टर भोवती असताना जाताना तिला माझ्या औषधाची आठवण झाली. आरसा धूसर झाला, वस्तरा खाली ठेवावा लागला.

मोबाईलवर गेले काही आठवडे एक गोष्ट वाचतोय. काही झाडांच्या सालीत असं द्रव्य असतं, की ते पोटात गेल्यावर गेलेली माणसं भेटतात. परदेशातले लोक तसं लिहितात. मला बाकी काही नको. तिला एकदा विचारायचं आहे, की माझं ऐकणं बरोबर आहे ना?

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. शेजारच्या बायडामावशी तिळगूळ घेऊन आल्या. आमच्या दोघांच्या खोल्यांमध्ये एकच भिंत आहे, तीही चार इंचांची. त्या मूळच्या पाथर्डीकडच्या. तीस वर्षं ऊसतोडीला जायच्या, आता भिंगारमध्ये दोन घरची धुणीभांडी करतात. एकट्याच असतात.

"भाऊ, तुमी कुणाशी बोलता हो? परवा दुपारी ऐकलं मी," असं त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, रेडिओ असेल. माझ्याकडे रेडिओ नाही हे त्यांना माहीत आहे.

१९ जानेवारी, रविवार

लष्करी हद्दीच्या कुंपणालगत एक झाड आहे. त्याला इथले जुने लोक गोरी बाभूळ म्हणतात. खोड पांढरट, काटे कमी. इंग्रजांनी आणून लावली असं सांगतात. मोबाईलवर वर्णन वाचलं आणि हीच ती, अशी माझी खात्री पटली. खात्री म्हणजे सत्तर टक्के.

सकाळी सातला पिशवी घेऊन गेलो. साल ओढली की ओल्या कापडासारखी सुटत होती. आतलं लाकूड कच्च्या मांसासारखं गुलाबी. सोलताना एक सैनिक सायकलवरून गेला. "काय काका, औषध का?" म्हणाला. मी म्हटलं, "होय. बायकोसाठी."

हे खोटं नव्हतं.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून दहाला घरी आलो आणि कामाला लागलो. काय घातलं, किती, किती वेळ ठेवलं, हे इथे लिहीत नाही. वही कुणाच्या हाती लागली तर? आणि हे कायद्यात बसत नाही हे मला कळतं. एवढंच लिहितो, की स्वयंपाकघरात दिवसभर ओल्या कातड्याचा वास होता आणि पातेल्यातलं पाणी आधी तांबडं, मग काळं झालं. सविताची पातेली वापरली. तिला ते आवडलं नसतं. काढ्याच्या वेळीही म्हणायची, "अहो, जेवणाच्या भांड्यात नको."

दुपारी पेपर आणायला चौकात गेलो. गॅस बारीक ठेवून गेलो होतो. परत आलो तर बंद. बटण नीट फिरवून बंद केलेलं. सिलिंडरात गॅस होता.

२ फेब्रुवारी, रविवार

घेतलं. दुपारी सव्वादोनला. चव लिहिण्यासारखी नाही. पहिला अर्धा तास नुसती मळमळ. मग भिंतीवरचे टवके हळूहळू श्वास घेऊ लागले. भीती वाटली नाही, कारण तशी अपेक्षा होती.

आणि मग स्वयंपाकघरात ती होती.

पाठमोरी. ओट्यापाशी. हिरवं पातळ, केस मोकळे, आजारात असायचे तसे विरळ. काही करत नव्हती. मी दोन-तीनदा हाक मारली. तिच्या मानेवरची शीर हलली, म्हणजे ती ऐकत होती. वळली नाही.

जे दिसलं ते लिहिलं. उजव्या पानावर.

९ फेब्रुवारी, रविवार

आज ती ओट्यापासून दोन पावलं माझ्याकडे होती. पाठमोरीच. म्हणजे पाठीनं चालत आली. मी विचारलं, "सविता, साल आणा म्हणालीस ना?"

तिनं उजवा तळहात उचलून स्वतःच्या तोंडावर ठेवला. मागून कोपर तेवढं दिसलं. तळहाताच्या आतून आवाज आला, तसाच, "सा… आ…"

मला रडू आलं. समाधानाचंच म्हणायचं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सालीचं गाठोडं माळ्यावर होतं. सकाळी ते दाराबाहेर पायपुसण्यावर सापडलं. उचलून परत ठेवलं. संध्याकाळी कॉलेजातून आलो तर पुन्हा बाहेर. कुलूप माझ्याच खिशात. बायडामावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला काय करायचीये तुमची लाकडं?" मग जरा थांबून म्हणाल्या, "तुमीच तर टाकलं भाऊ सकाळी बाहीर. मी बघितलं की. रडत हुता तुमी."

मी असं काही केलेलं नाही. मावशींची नजर कमी झाली आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज घेतलं नाही. दिपालीला फोन केला. लेक संगमनेरला शाळेत शिकवते. आई गेल्यापासून महिन्याकाठी एक फोन, तोही तब्येत विचारण्यापुरता. मी तिला उलगडा सांगितला, की आई शेवटी साल मागत होती.

तिनं मागे चालू असलेला टीव्ही बंद केला.

"पप्पा, त्या दिवशी सकाळी मी आईजवळ होते. मास्क लावायच्या आधी," ती म्हणाली.

"मग काही बोलली का?"

"डॉक्टरांनी तुम्हाला केबिनमध्ये काय विचारलं होतं, आठवतंय?"

"काय विचारणार? नाव, वय, किती दिवसांपासून त्रास आहे, हेच."

"एवढंच?"

"एवढंच."

"बरं," ती म्हणाली. "मग मी काय सांगणार? तुम्हीच आठवा." आणि फोन ठेवला. पोरीला आईचा विषय सहन होत नाही. मी समजून घेतो.

२० फेब्रुवारी, गुरुवार

प्रयोगशाळेत आज कॉपर सल्फेटच्या जागी भलतीच बाटली काढून ठेवली. विभागाच्या मॅडमनी वेळेवर पाहिलं. सत्तावीस वर्षांत असं झालं नव्हतं.

आज काही घेतलं नव्हतं. तरी वजनं करायच्या, बॅलन्सच्या खोलीच्या काचेत मागे हिरवं काहीतरी उभं होतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

बायडामावशी दुपारी आल्या आणि दार लावून घेतलं. म्हणाल्या, "भाऊ, खोटं बोलू नगा. तुमच्याकडं वैनी येत्यात ना?"

मी खिडकी लावली.

"भिंतीतून समदं ऐकू येतं. तुमी इचारता, थांबता, पुन्ना इचारता. रेडिओशी कुणी असं बोलत न्हाई."

मी त्यांना सांगितलं. पंधरा महिन्यांत पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. त्या घाबरल्या नाहीत. जमिनीवर बसल्या आणि त्यांनी स्वतःचं सांगितलं. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी कारखान्यावर गेल्या होत्या, पोटुशी. कोपीवरच, उसाच्या पाचटाच्या झोपडीत, बाळंत झाल्या. मुलगी झाली. नवव्या दिवशी गेली. मुकादमाची गाडी निघायची होती, म्हणून नवऱ्यानं तिला रस्त्याच्या कडेलाच पुरलं. कुठला रस्ता, कुठला कारखाना, मावशींना आठवत नाही. ताप होता. नवरा पुढे वारला, त्याला विचारायचं राहून गेलं.

"नाव बी ठिवलं न्हवतं. बाराव्याला ठिवणार हुतो," त्या म्हणाल्या. "मला तिला बघायचं न्हाई भाऊ. ती कुठं हाय, तेवढं बघायचंय. ती जागा."

मी म्हणालो, तुमचं वय झालं, हे झेपणार नाही.

"तीस वरसं ऊस तोडलाय. मला काय न्हाई झेपत?"

विचार करून सांगतो म्हणालो.

२६ फेब्रुवारी, बुधवार

विचार केला. औषधावर मालकी कुणाची नसते. ज्याला गरज आहे त्याला द्यावं. माझे वडील गावाकडे असंच द्यायचे, कुणाला नाही म्हणाले नाहीत. मावशींची इच्छा माझ्यासारखीच आहे, साधी. मी शिकलेला माणूस, मोजून देईन.

कमी देईन.

२ मार्च, रविवार. लिहितोय ३ तारखेला.

क्रमानं लिहितो.

दोन वाजता दिलं. माझ्यापेक्षा निम्मं. मी स्वतः घेतलं नाही, लक्ष ठेवायला कुणीतरी हवं म्हणून. त्या चटईवर भिंतीला टेकून बसल्या. तिसाव्या मिनिटाला घाम आला. मग हसल्या. स्वयंपाकघराकडे बघत म्हणाल्या, "वैनी."

तिथे मला कुणी दिसत नव्हतं. ओटा, पातेलं, खिडकी. मी विचारलं, "पाठमोरी आहे का?"

"न्हाई. माज्याकडं तोंड करून बसलीय. मांडीवर पोरगी हाय माजी. नऊ दिसांची. कुंची घातलीय तिला." त्या थोडा वेळ नुसत्या बघत राहिल्या. "भाऊ, वैनीनं तोंडावर हात का ठिवलाय?"

मी त्यांना हाताचं कधीच सांगितलं नव्हतं. मास्कचंही नाही.

"काय म्हणते ती?" मी त्यांचा दंड धरला. "मावशी, ऐका नीट. काय म्हणते?"

"हात काढ म्हना तिला. मंग कळंल."

त्यानंतर त्यांचं अंग ताठ झालं. दात आवळले. अंग चुलीसारखं तापलं, हातपाय आपोआप उडू लागले. डोळे उघडे, पण बुबुळं भलतीकडेच. मी कांदा फोडून नाकाशी धरला, पाणी मारलं. दहा मिनिटं गेली. मनात काय आलं ते लिहितो, कारण जे दिसलं ते लिहायचं असतं. थोडं थांबू, असं मनात आलं. उतरेल आपोआप. दवाखान्यात नेलं तर विचारतील. नोकरी जाईल. पोलीस येतील. आणखी दहा मिनिटं बघू.

मी घड्याळ बघत बसलो. मग वाटलं, असं घड्याळ बघत मी आधीही बसलोय. याच चटईपाशी. एकतीस दिवस.

रिक्षा बोलावली. मावशींच्या पदराच्या गाठीत गोळ्यांचं पाकीट सापडलं. मन उदास राहतं म्हणून सरकारी दवाखान्यातून त्या गोळ्या घेत होत्या, मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टर होत्या. दोघा-तिघांनी मावशींना खाटेवर दाबून धरलं. डॉक्टर सिस्टरला इंजेक्शन भरायला सांगत होत्या. मग माझ्याकडे वळल्या.

"काका, काय घेतलंय यांनी? काही गावठी औषध, काढा, पावडर?"

"नाही," मी म्हणालो. तोंडातून आपोआप निघालं. "नाही, काही नाही. बसल्या बसल्या झालं."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी सिस्टरच्या हातातली सिरिंज उजेडात बघितली. मग पुन्हा माझ्याकडे बघितलं. त्यांच्या तोंडावर मास्क होता, निळा. मागे मॉनिटर वाजत होता, एक पोर रडत होतं. मास्कच्या आतून त्या काहीतरी म्हणाल्या. मला ऐकू आलं ते असं: "सा… आ…"

मी म्हणालो, "काय?"

त्यांनी मास्क खाली ओढला.

"सांगा," त्या म्हणाल्या. "काका, काय दिलं असेल ते सांगा."

पंधरा महिने. साल नव्हे. माझी साल तिला कधीच नको होती.

मी सगळं सांगितलं. झाड, साल, किती वाजता, किती दिलं, आणि गोळ्यांचं पाकीट पुढे केलं. त्यांनी पाकीट वाचलं आणि सिस्टरच्या हातावर हात ठेवला. "हे नको. थांबा. दुसरं भरा." मग कुणीतरी मला बाहेर बसवलं.

४ मार्च, मंगळवार

मावशी वाचल्या. ताप उतरला, बोलतात. उजवा हात जरा सुन्न आहे, येईल म्हणतात. डॉक्टर वऱ्हांड्यात भेटल्या. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "त्या गोळ्या आणि तुमचं ते, दोन्ही मिळून झालं हे. आम्ही जे भरलं होतं त्यानं आणखी बिघडलं असतं. तुम्ही सांगितलंत म्हणून. पोलिसांना मला कळवावं लागेल."

"कळवा," मी म्हणालो.

आत गेलो. मावशींनी तोंड भिंतीकडे केलं. मी निघालो तेव्हा म्हणाल्या, "जागा न्हाई दिसली भाऊ. कुठं हाय ते न्हाई कळलं. पन कुनाच्या तरी मांडीवर हाय एवढं बघितलं." मग म्हणाल्या, "पुन्ना माज्या दारात येऊ नगा."

बरोबर आहे त्यांचं.

७ मार्च, शुक्रवार

पोलीस घरी येऊन गेले. पातेली, गाठोडं, बाटली, सगळं पंचनामा करून नेलं. कॉलेजनं निलंबनाचं पत्र दिलं. मॅडम माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "गाडळकर, तुम्ही तरी…" वाक्य पुरं केलं नाही.

स्टेशनवर जबाब झाला. हवालदार म्हातारे, अक्षर सुरेख. शेवटी म्हणाले, "वाचून सही करा."

मी म्हणालो, "अजून एक लिहून घ्या. माझ्या बायकोबद्दल."

"त्यांचं काय?"

मी सांगायला लागलो. त्यांनी पेन खाली ठेवलं. "ते वेगळं प्रकरण झालं. दवाखान्यातच वारल्यात ना त्या? दाखला मिळालाय ना? मग कशाला उकरता? यात ते बसत नाही."

"पण लिहायला हवं ना कुठेतरी."

"घरी जा, काका," ते म्हणाले. "तुमची तब्येत बरी दिसत नाही."

९ मार्च, रविवार

दिपाली सकाळच्या एसटीनं आली. तिला सगळं कळलं होतं. दारातच उभी राहिली, आत आली नाही. मी म्हणालो, "डॉक्टरांनी काय विचारलं होतं ते आठवलं."

"आठवलं की माहीतच होतं?"

मी तिच्यासाठी दार पुरतं उघडलं.

ती म्हणाली, "त्या दिवशी सकाळी आई मला म्हणाली, यांना सांग, डॉक्टरांना खरं सांगा म्हणावं. मी म्हणाले, तूच सांग, तुझं ऐकतील. मला तुमची भीती वाटायची, पप्पा. म्हणून तिच्यावर टाकलं. मीही नाही सांगितलं डॉक्टरांना. पंधरा महिने मी काय फक्त तुमच्यावर रागावलेय असं वाटतं तुम्हाला?"

ती उंबऱ्यावरच बसली. मी आत, ती बाहेर. रस्त्यानं लष्करी गाड्या जात होत्या. मग ती म्हणाली, "लिहा. पोलीस घेत नसतील तर तुमच्या त्या वहीत लिहा. मी वाचेन." साडेबाराच्या गाडीनं परत गेली.

आता दुपारचे अडीच वाजलेत. आज एकोणीस दिवस होतील… नाही, चुकलं. शेवटचं मी नऊ फेब्रुवारीला घेतलं. म्हणजे अठ्ठावीस दिवस. घरात सालीचा तुकडाही उरलेला नाही. तरी स्वयंपाकघरातून पातळाची सळसळ येते आहे. मी तिकडे बघत नाही. लिहितो.

मी, अंगद आसाराम गाडळकर, वय बावन्न, राहणार भिंगार, लिहून देतो की, सप्टेंबर २०२३ मध्ये माझी पत्नी सविता हिचे डोळे पिवळे झाले. लेक म्हणाली दवाखान्यात न्या. सविताही म्हणाली. मी म्हणालो, कावीळ दवाखान्यात बरी होत नाही. मी एका रानझाडाच्या सालीचा अर्क घरी काढला आणि तिला रोज सकाळी एकतीस दिवस पाजला. तो शक्तीसाठी नव्हता, तसं मी नंतर म्हणू लागलो. आठव्या दिवसापासून तिला उलट्या होत होत्या. मी म्हणालो, घाण बाहेर पडते आहे. विसाव्या दिवशी ती ग्लास बघून रडली. मी तो तिच्या ओठांना लावला. दवाखान्यात डॉक्टरांनी मला विचारलं, घरी काही दिलं होतं का, साल, मुळी, काढा, काहीही, सांगितलंत तर आम्हाला पुढचं ठरवता येईल. मी नाही म्हणालो. तेव्हा केबिनचं दार उघडं होतं. समोर खाटेवर सविता होती. ती माझ्याकडे बघत होती आणि तिनं ऐकलं.

सळसळ थांबली. कुणीतरी खुर्चीच्या मागे येऊन उभं आहे. मानेवर गार श्वास लागतो, मास्क नसलेला. मी वळत नाही. वही जरा उजेडाकडे सरकवून ठेवली आहे, तिला नीट वाचता यावं म्हणून.